निळ्या पडद्याची जबानी

घरातला संगणक बंद पडला की पहिला प्रश्न ‘काय झालं?’ हा नसतो. ‘शेवटचं कोण बसलं होतं?’ हा असतो. तो विचारण्याचा मान घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीचा. ती स्वतः संगणकाला हात लावत नसल्यामुळे तिच्या निःपक्षपातीपणावर कोणाला बोट ठेवता येत नाही. आमच्याकडे हे खातं आईकडे आहे. ती पदराला हात पुसत बाहेर येते, निळ्याशार पडद्याकडे बघते आणि मग माझ्या मुलाकडे बघते. मुलगा अकरावीत आहे. तिला एवढा पुरावा पुरतो.

हे हसण्यावारी नेऊ नका. पोचलेला तंत्रज्ञसुद्धा सुरुवात इथूनच करतो. काल चालत होता, आज चालत नाही, तर मधल्या वेळात काय बदललं? नवा प्रिंटर जोडला? ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलला? रात्री कोणाला न विचारता अपडेट येऊन बसलं? आईची पद्धत आणि त्याची पद्धत यांत फरक एवढाच, की उत्तर मिळेपर्यंत तो कोणाचा मोबाइल काढून घेत नाही.

आमचा संगणक असेंबल्ड. म्हणजे कॅबिनेट एकाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, वीज पुरवणारा एसएमपीएस तिसऱ्याचा, आणि या सगळ्यांना एकत्र नांदवण्याची जबाबदारी माझी. सगळे भाग लॅमिंग्टन रोडवर फिरून जमवलेले. (त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण रॅम घ्यायला निघालेला माणूस ते नाव सांगून टॅक्सीत बसल्याचं ऐकिवात नाही.) या यंत्रावर मुलाचा अभ्यास चालतो, म्हणजे खेळ. बायकोचे ऑनलाइन वर्ग चालतात. आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात असल्यामुळे मेंटेनन्सचे हिशेबही इथेच होतात. निळा पडदा मुलाच्या खेळात आला तर तो शिस्तीचा प्रश्न असतो. बायकोच्या वर्गात आला तर नेटचा. आणि माझ्या एक्सेलमध्ये, सेव्ह करायच्या आत आला, तर ती राष्ट्रीय आपत्ती असते. हे माझं मत झालं. घरात ते मंजूर झालेलं नाही.

पडदा मात्र बोलतो फार गोड. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यावर दोन टिंबं आणि एक कंस यांनी काढलेलं पडेल तोंड असे, आणि खाली नम्र मजकूर. तुमच्या पीसीला अडचण आली आहे, आम्ही जरा माहिती गोळा करतो, मग तुमच्यासाठी आम्हीच तो पुन्हा सुरू करून देऊ, अशा अर्थाचा. त्याखाली टक्के. शून्य टक्क्यावर बराच वेळ चिंतन, मग एकदम शंभर, मग अंधार. माहिती कोणाची गोळा केली आणि कोणाच्या हाती दिली, हे काही समोरच्याला कळत नसे. २०१६ पासून त्यात क्यूआर कोड आला. तो स्कॅन केला की फोनवर उघडे ते मदतीचं सर्वसाधारण पान. आपल्याच यंत्राला काय झालंय ते त्यात नसे. आईला मात्र तो चौकोन बघून वेगळीच शंका आली. ती म्हणाली, ‘आता याला पैसे पाठवायचे का?’

पूर्वी एवढा गोडवा नव्हता. १९९३ साली विंडोज एनटी ३.१ आलं, त्यातला निळा पडदा म्हणजे निव्वळ आकड्यांची भिंत. अभियंत्याखेरीज कोणी वाचू नये अशीच सोय. तो जॉन व्हर्ट नावाच्या अभियंत्याने लिहिला. रंग निळाच का, याचं कारण ऐकून माझा तरी हिरमोड झाला. मला वाटलं होतं, माणूस चिडू नये म्हणून शांत रंग निवडला असेल, त्यावर कोणी प्रबंध लिहिला असेल. तसलं काही नाही. ही मंडळी ज्या मिप्स संगणकांवर काम करत, त्यांचं फर्मवेअर निळ्यावर पांढरी अक्षरं दाखवी. ज्या स्लिकएडिटमध्ये कोड लिहीत, तोही निळ्यावर पांढरा. तेव्हा यंत्र सुरू करा, कोड लिहा, यंत्र कोसळू द्या, डोळ्यांना रंग बदलायचा त्रास नाही.

विंडोज ३.१ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की आणखी एक निळा पडदा येई. प्रोग्राम अडकलाय, वाट बघता की बंद करता, असं विचारणारा. त्यावरचा मजकूर स्टीव्ह बामर यांनी लिहिलेला, म्हणजे जे पुढे मायक्रोसॉफ्टचे सीईओ झाले ते. सोसायटीच्या फलकावर ‘पाणी सकाळी सात ते नऊ’ हे मी कित्येक वर्षं लिहितो आहे. अशी बढती मिळू शकते हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

या पडद्याने मोठमोठ्यांची भीड ठेवलेली नाही, हा त्याचा गुण मानला पाहिजे. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स मेळाव्यात बिल गेट्स व्यासपीठावर उभे, शेजारी सहकारी विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक दाखवतोय, स्कॅनर जोडला की कसा आपोआप ओळखला जातो ते. स्कॅनर जोडला आणि भल्यामोठ्या पडद्यावर निळं उगवलं. सभागृह हसून लोटपोट. गेट्स यांनी प्रसंग सावरला, म्हणाले की म्हणूनच तर आम्ही अजून हे बाजारात आणलेलं नाही. दोन महिन्यांनी आणलं. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात, सगळं जग बघत असताना, स्टेडियमच्या छताकडच्या भागावर हाच निळा चौकोन उमटलेला लोकांनी टिपला. तिथे ‘शेवटचं कोण बसलं होतं’ हे विचारायची कोणाची छाती झाली असेल असं वाटत नाही.

आता हा पडदा मुळात का येतो? विंडोजमध्ये बहुतेक प्रोग्राम देवळातल्या भाविकांसारखे सभामंडपात असतात. ब्राउझर, एक्सेल, मुलाचे खेळ, सगळे तिथेच. एखाद्याला भोवळ आली तर त्याला बाजूला नेऊन वारा घालता येतो, बाकीची रांग पुढे सरकत राहते. पण ड्रायव्हर म्हणून जी मंडळी असतात ती थेट गाभाऱ्यात वावरतात. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, वायफायचा, आवाजाचा, अँटिव्हायरसचा काही भाग, या सगळ्यांना आत मुभा. त्यांतल्या एकाने नको तिथे हात घातला, तर आत काय काय विटाळलं याचा हिशेब लागत नाही. अशा वेळी विंडोज सगळ्यांना बाहेर काढतं आणि दार लावतं. निळा पडदा म्हणजे ते लावलेलं दार. तसंच पुढे चालू ठेवलं असतं तर मेमरीतली गडबड हार्ड डिस्कवर उतरली असती, आणि आज नुसता अडकलेला हिशेब उद्या चुकीचा निघाला असता. हिशेब बिघडलाय असं दिसताच काम थांबवून तसं तोंडावर सांगणारा सभासद आमच्या कमिटीत मला अजून भेटायचा आहे.

गाभाऱ्यातल्या एकाच्या चुकीने काय होतं, ते १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला कळलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक छोटं अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रं निळी झाली. विमानं अडकली, रुग्णालयांतली कामं खोळंबली, भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पुढे कंपनीनेच कारण सांगितलं. एका ठिकाणी एकवीस नोंदी यायच्या असं ठरलेलं, देणाऱ्या कोडने दिल्या वीस, आणि वाचणारा एकविसावी शोधत गेला तो मेमरीत भलतीकडेच. नैवेद्याच्या ताटात वीसच मोदक निघाले तर घरातली आजी गाभारा बंद करत नाही, तिथल्या तिथे एक वळून ठेवते. संगणकाला हे शिकवायचं राहून गेलंय.

त्यावरचा इलाजही बघण्यासारखा होता. बऱ्याच ठिकाणी माणसाने प्रत्यक्ष यंत्रापुढे बसायचं, सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल पुसायची. क्लाउडवरच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने सांगितलं की बंद-चालू करत राहा, काही ग्राहकांना पंधरा वेळापर्यंत करावं लागलंय. आमच्या कॉम्प्युटरवाल्याला मी हे ऐकवलं. तो दुखावला. म्हणाला, ‘मी हेच सांगतो तेव्हा तुम्ही व्हिजिटचे पैसे द्यायला कुरकुर करता.’

घरगुती निळ्या पडद्याची खरी पंचाईत अशी, की कोण पडलं ते तो सांगतो, कोणी ढकललं ते सांगत नाही. ती रिकामी जागा भरायला आपल्याकडे माणसांचा तुटवडा नाही. आणि ज्याचा जो धंदा, त्याचा तो निष्कर्ष.

दुसऱ्या मजल्यावरचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. ते टेस्टर घेऊनच आले. संगणकाकडे त्यांनी पाहिलंही नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटकडे गेले आणि म्हणाले, ‘अर्थिंग.’ अर्थिंग नीट नसल्यामुळे होत नाही असं जगात काही नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यात त्यांच्या सुनेची डोकेदुखीही येते. काकांचा मान राखून सांगतो, विजेचा झटका बसला किंवा एसएमपीएस दमला तर यंत्र बहुधा निळं न होता सरळ बंद पडतं, नाहीतर एकदम नव्याने सुरू होतं. निळा पडदा दाखवायला आधी विंडोजला काहीतरी बिनसल्याचं कळावं लागतं, आणि लाइटच गेल्यावर कळणार कोणाला? मग सुरू झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडते. तिचा अर्थ एवढाच, की गेल्या खेपेला मला कोणी नीट झोपवलं नव्हतं. लोक ही नोंद सापडली की रोग सापडला असं समजून पेढे वाटतात.

आत्याचं निदान धूळ. ती कॅबिनेटची कड उघडायला लावून आत बघते आणि गेल्या दिवाळीत साफसफाई कशी झाली असेल यावर बोलायला लागते, तेव्हा विषय संगणकाचा राहत नाही. धूळ साचली, पंखा अडला, प्रोसेसरवरची पेस्ट वाळली, तर यंत्र तापतं, मंद होतं आणि अती झालं की स्वतःला बंद करून घेतं. तेव्हा ब्लोअर मारून घेण्यात तोटा नाही. आमच्याकडे मारला. आतून जे निघालं त्यात धुळीखेरीज शेंगदाण्याची सालंही होती. आईने पुन्हा मुलाकडे पाहिलं.

हिंजवडीत आयटीत असलेल्या भाच्याचं निदान आणि इलाज एकच. ‘मामा, लिनक्स टाक.’ प्रिंटर अडकला, नेट मंद झालं, कीबोर्डवर चहा सांडला, काहीही सांगा, लिनक्स टाक. त्याच्या स्वतःच्या घरी विंडोज आहे, कारण वडील ऐकत नाहीत.

सगळ्यांत भारी बचाव मात्र मुलाचा. तो म्हणाला, ‘कॉस्मिक रेज.’ आणि दुर्दैवाने हे थाप म्हणून उडवून लावता येत नाही. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे मेमरीतला एखादा शून्य एक होऊ शकतो, हे मान्य झालेलं शास्त्र आहे. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथे निवडणुकीत एका उमेदवाराला अचानक ४०९६ मतं जास्त पडली. आकडा दोनाचा बारावा घात, म्हणजे बरोबर एक बिट उलटल्यावर येईल तेवढा. तपासणाऱ्यांना दुसरं कारण मिळालं नाही, म्हणून संशय किरणांवर गेला. आई हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, ‘ते किरण तू बसलास तेव्हाच बरे येतात.’ यावर विज्ञानाकडे उत्तर नव्हतं. पुढे मिळालं, ते सांगतोच.

या सल्लागारांच्या गर्दीत पडद्याने स्वतः काय जबानी दिली हे कोणी वाचतच नाही. निळ्या पडद्यावर खाली बारीक अक्षरात एक स्टॉप कोड असतो. तो वाचायच्या आत यंत्र पुन्हा सुरू होतं, कारण विंडोजची सवयच तशी ठेवलेली असते. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची खूण काढली की पडदा आपल्यासाठी थांबतो. मग फोनने फोटो काढावा. माझ्या फोनमध्ये आता गणपती, चुलत भावाचं लग्न, निळा पडदा, एक बारसं, निळा पडदा अशी मालिका आहे. नातेवाईक फोटो बघताना मध्येच थबकतात.

कोड भीतिदायक असतात. ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ वाचून आत्याने कोण गेलं म्हणून विचारलं होतं. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ आला तर बहुधा एखाद्या ड्रायव्हरने अवेळी, नको त्या मेमरीला हात लावलेला असतो. ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ म्हणजे जी मेमरी हजर असायलाच हवी होती ती मागितली आणि मिळाली नाही. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ आला तर तक्रार हार्डवेअरनेच केलेली असते. प्रोसेसर, वीजपुरवठा, किंवा हौसेने वाढवलेला वेग, यांच्याकडे बघायचं. आणि ‘मॅन्युअली इनिशिएटेड क्रॅश’ नावाचाही एक कोड आहे. रजिस्ट्रीत एक सोय करून ठेवली की उजवं कंट्रोल दाबून धरायचं, स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं, आणि निळा पडदा मागणीनुसार हजर. अभियंत्यांना तपासणीसाठी दिलेली ही सवलत आहे. हा परिच्छेद मुलाच्या हाती लागणार नाही याची मी व्यवस्था केली आहे, कारण परीक्षा जवळ आल्यात.

शिवाय प्रत्येक वेळी विंडोज पडताना एक छोटी फाइल मागे ठेवतं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात मिनिडम्प नावाचं फोल्डर. निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू फुकट मिळतं, ते या फाइली उघडून संशयिताचं नाव पुढे करतं. इथे नवशिके हमखास फसतात. यादीत वारंवार ‘एनटीओएसकेआरएनएल’ हे नाव दिसतं. ते म्हणजे विंडोजचा गाभाच. प्रत्येक घटनास्थळी तो असतोच, कारण घटना त्याच्याच अंगणात घडते आणि फिर्यादही तोच देतो. फिर्याद देणाऱ्यालाच आत टाकायची प्रथा इतरत्रही आहे म्हणा, पण संगणकात तिचा उपयोग होत नाही.

या जबान्या एकीला एक लावून बघायच्या असतात. रोज तोच कोड, रोज त्याच ड्रायव्हरचं नाव, तर ड्रायव्हर बदला, जुना परत आणा, प्रश्न मिटतो. पण आमच्याकडे सोमवारी एक कोड, बुधवारी दुसरा, शुक्रवारी तिसराच. आणि आरोपी कधी आवाजाचा ड्रायव्हर, कधी नेटचा, कधी ब्राउझर चालू असताना, कधी खेळ. सगळं गाव एकदम चोर असू शकत नाही. जबान्या इतक्या फिरायला लागल्या की संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्ट्यांवर, घ्यावा, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. ज्या कागदावर सगळे लिहितात तो कागदच फाटका असेल तर अक्षर प्रत्येकाचंच बिघडणार.

हे मी कॉम्प्युटरवाल्याला पटवून द्यायचा प्रयत्न केला.

‘फॉरमॅट मारावा लागेल,’ तो खुर्चीवर बसायच्या आत म्हणाला.

‘अहो, पण कोड रोज वेगळा येतोय.’

‘म्हणूनच.’

‘रॅम बघायची का आधी?’

‘बघू की. फॉरमॅट मारून झाला की बघू. डेटा काय आहे?’

डेटा काय आहे, या प्रश्नाला आमच्या घरात चार उत्तरं एकदम आली. त्यांतलं आईचं, म्हणजे तिच्या पंचाहत्तरीचे फोटो, सर्वांत मोठ्या आवाजात होतं. त्यामुळे फॉरमॅट त्या दिवसापुरता टळला. विंडोज नव्याने टाकल्याने रॅम दुरुस्त होत नाही. उलट खराब रॅमवरून नवं विंडोज टाकलं तर त्याच्या फाइलीच वाटेत बिघडून बसू शकतात, आणि मग नव्या घरात जुनंच भांडण. तशीच गत ‘एसएफसी स्कॅननाऊ’ या आज्ञेची. ती विंडोजच्या फाइली तपासते, कामाची आहे, पण तिला हार्डवेअरमधलं काही कळत नाही. तरी गावातला प्रत्येक जाणकार ती चालवायला सांगतो. आम्हीही चालवली. सगळं आलबेल आहे असं तिने शंभर टक्क्यांवर जाहीर केलं आणि पुढच्याच मिनिटाला पडदा निळा.

शेवटी कॉम्प्युटरवाल्याने बॅगेतून ब्रह्मास्त्र काढलं. खोडरबर. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचं, फुंकर मारायची, पट्टी टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. याला हसू नये. दमट हवेत त्या संपर्कांवर थर चढतो, पट्टी जरा हललेली असते, आणि नुसती काढून घट्ट बसवली तरी पुष्कळ संगणक सुधारतात. खोडरबराचं श्रेय किती आणि दाबून बसवण्याचं किती, यावर माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. पण दाबून बसवण्याचे कोणी पैसे देत नाही.

आमचा संगणक त्यावर काही दिवस गुणी बाळासारखा वागला आणि बायकोच्या वर्गात, नेमका पालकसभेच्या वेळी, पुन्हा पडला.

मग विंडोजचंच मेमरी डायग्नोस्टिक चालवलं. यंत्र पुन्हा सुरू होतं आणि तपासणी चालते ती, कोणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, निळ्या पडद्यावर. आईने लांबून पाहिलं आणि ‘अरे परत आलं, परत आलं’ म्हणत मेन स्विचकडे धाव घेतली. तिला थोपवून समजावेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचे काका टेस्टर घेऊन दारात. त्या तपासणीत काही सापडलं नाही. तसं होतं, तिची नजर फार बारीक नसते. म्हणून पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घेतलं आणि रात्रभर लावून ठेवलं. हे काम घाईचं नाही. एकेक फेरी संपायला तास लागतात, आणि एकही चूक दिसली तरी ती चूकच धरायची. सकाळी पडद्यावर लाल ओळी रांगोळीसारख्या पसरलेल्या. मग एक पट्टी काढून दुसरी, त्याच खाचेत, पुन्हा फेरी. एक स्वच्छ, एक लाल. खाच बदलून पाहिली, लाल पट्टी लालच. दोन पट्ट्यांपैकी एक, तीही वरच्या टोकाला कुठेतरी, आजारी होती.

आणि इथे आईच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. खराब भाग मेमरीच्या अशा कोपऱ्यात होता की थोडं काम असताना तिथपर्यंत कोणी पोचतच नसे. मुलाचा खेळ मेमरी काठोकाठ भरतो. बायकोचा व्हिडिओ वर्ग आणि त्यासोबतच्या खिडक्याही भरतात. माझं एक्सेल एवढंसं, पण मागे ब्राउझरमध्ये मी जे उघडून ठेवतो त्याबद्दल इथे बोलायचं कारण नाही. मी मुलाला निर्दोष सोडण्याचा निकाल जाहीर केला, कारणांसहित. आईने सगळं ऐकलं.

‘म्हणजे जास्त मेमरी कोण वापरत होतं?’

‘तसं बघितलं तर तोच.’

‘मग मी काय म्हणत होते?’

नवी पट्टी येईपर्यंत संगणक एकाच पट्टीवर चालला, मंद पण शहाणा. आता पडदा निळाही राहिलेला नाही. २०२५ मध्ये विंडोज ११ ने तो काळा केला, पडेल तोंड आणि क्यूआर कोड काढून टाकले, आणि स्टॉप कोड व संशयित ड्रायव्हरचं नाव ठळक दाखवायला सुरुवात केली. निळ्यावर तीस वर्षं विनोद करून पोट भरलेल्यांची गैरसोय झाली असली तरी ही सुधारणाच म्हणायची.

तेव्हा विनंती एवढीच. पडदा निळा येवो की काळा, बटण दाबायची घाई करू नका. कोड येऊ द्या, फोटो काढा, पुढच्या खेपेचाही काढा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. कॉम्प्युटरवाला आला की आधी हे फोटो दाखवा. तो फॉरमॅटच म्हणणार. तर त्याला चहा द्या, सोबत खारी द्या, दुसरा कपही विचारा, आणि तेवढ्या वेळात डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.